युद्धाचा पट आणि पटावरचे युद्ध

१८२४ साली प्रशियाच्या सैन्यातील रायस्विट्झ नावाच्या एका तरुण लेफ्टनंटने जनरल स्टाफचे प्रमुख म्युफ्लिंग यांच्यापुढे एक खेळ मांडला. एकास आठ हजार या प्रमाणाचा तपशीलवार नकाशा, त्यावर सैन्याच्या तुकड्या दाखवणारे छोटे ठोकळे, फासे आणि दोन्ही पक्षांच्या मध्ये बसलेला एक पंच, एवढीच सामग्री. खेळाचे नाव 'क्रीगश्पील', म्हणजे सरळसरळ 'युद्धखेळ'. बुद्धिबळात दोन्ही खेळाडूंना सगळा पट दिसतो. इथे तसे नव्हते. तुमच्या टेहळ्यांना जेवढे दिसले असते तेवढेच पंच तुम्हाला सांगे. शत्रूचे बाकीचे ठोकळे पटावर येतच नसत. हा नुसता खेळ नाही, युद्धाचे शिक्षण आहे, असे म्युफ्लिंग यांचे मत पडले आणि खेळ प्रशियाच्या पलटणींमध्ये पोहोचला.

आज त्या पंचाच्या जागी संगणक बसला आहे. १९९१चा 'सिव्हिलायझेशन', १९९२चा 'ड्यून टू', १९९७चा 'एज ऑफ एम्पायर्स' या खेळांनी ज्यांच्या सुट्ट्या खाल्ल्या त्या पिढीच्या तोंडी एक परिभाषा रुळली. रश, फॉग ऑफ वॉर, टेक ट्री, चोक पॉइंट. मराठीत झडप, रणधुके, तंत्रवृक्ष, नाके असे म्हणता येईल. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने युक्रेनवर चौफेर आक्रमण केले, तेव्हा इतिहासाच्या वर्गातली मुले त्या युद्धाबद्दल माझ्याशी याच भाषेत बोलू लागली. वडीलधाऱ्या सहकाऱ्यांना ते रुचले नाही. माणसे मरत असताना खेळाची भाषा कसली, हा त्यांचा आक्षेप.

आक्षेप गंभीर आहे. पण खेळाची भाषा आपण फार पूर्वीपासून वापरत आलो आहोत. शह, काटशह, मात, प्यादे पुढे करणे, बाजी उलटणे, डाव साधणे हे शब्द वगळून मराठीत राजकारणाविषयी चार वाक्ये लिहिणे कठीण आहे. तेव्हा खेळाची भाषा वापरावी की नाही, यापेक्षा यातला कोणता शब्द काय दाखवतो आणि काय झाकतो, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. युक्रेनच्या युद्धावर हे शब्द एकेक करून घासून पाहू.

झडप

संगणकावरच्या युद्धखेळात प्रत्येक खेळाडूपुढे आरंभीच एक निवड असते. शेती, लाकूड, सोने, दगड गोळा करत सावकाश बळकट व्हायचे, की हाती असलेले थोडके सैन्य घेऊन पहिल्या काही मिनिटांतच शत्रूच्या मुख्य ठाण्यावर तुटून पडायचे. या दुसऱ्या डावाला 'रश' म्हणतात. तो साधला तर खेळ तिथेच संपतो. फसला तर खेळाडू उघडा पडतो, कारण लांबच्या लढाईची तयारी त्याने केलेलीच नसते.

कीव्हच्या वेशीजवळच्या होस्तोमेल विमानतळावर आक्रमणाच्या पहिल्याच सकाळी रशियाची हेलिकॉप्टरे उतरली, ती याच हिशेबाने. छत्रीधारी सैनिकांनी धावपट्टी ताब्यात घ्यायची, मग मोठी मालवाहू विमाने सैन्य आणि चिलखती गाड्या घेऊन उतरतील आणि काही दिवसांत राजधानी पडेल, असा बेत होता. युक्रेनच्या नॅशनल गार्डच्या तुकडीने आणि तोफखान्याने धावपट्टी वापरण्याजोगी ठेवली नाही. विमाने उतरलीच नाहीत. जगातले सर्वांत मोठे मालवाहू विमान 'मिरिया' त्याच तळावरच्या लढाईत नष्ट झाले. दरम्यान उत्तरेकडून आलेला रशियन वाहनांचा सुमारे ६४ किलोमीटर लांबीचा ताफा चिखल, इंधनाची टंचाई आणि युक्रेनी छापे यांमुळे रस्त्यावरच अडकून पडला. युक्रेनने धरणाचे पाणी सोडून इर्पिन नदीचे पात्र फुगवले, त्यात स्वतःचीच शेते आणि घरे बुडवली. एप्रिलच्या आरंभी रशियन सैन्य कीव्ह प्रांतातून मागे गेले. मागे बुचाच्या रस्त्यांवर नागरिकांची प्रेते होती.

इथवर खेळाचा शब्द चपखल बसतो. पुढे मात्र बसत नाही. 'स्टारक्राफ्ट'सारख्या खेळात झडप फसलेला खेळाडू पुष्कळदा 'जीजी', म्हणजे 'गुड गेम', एवढे लिहून डाव सोडतो. हरलेला डाव ओढत बसणे तिथे असभ्यपणाचे समजतात. राज्यकर्ते 'जीजी' लिहीत नाहीत. झडप फसल्याची किंमत पदरी पडू नये म्हणून ते युद्धाचे स्वरूपच बदलतात. कीव्ह हे लक्ष्य हातचे गेल्यावर मॉस्कोने डोनबास हेच मुख्य लक्ष्य असल्याचे जाहीर केले. खेळात विजयाची अट आधी ठरते आणि दोघांनाही ठाऊक असते. इथे ती अट खेळणाराच मधूनच बदलतो.

रसद आणि नाकी

पानिपताची आठवण बाळगणाऱ्या समाजाला रसदेचे महत्त्व संगणकाने शिकवायला नको. सैन्य उभे असते आणि पोट आधी हरलेले असते, हे आपण १७६१ साली पाहिले. तरी खेळाची एक शिकवण उपयोगी आहे. शहर जिंकण्यासाठी दर वेळी शहरात शिरावे लागत नाही. त्याच्याकडे येणारी वाट तोडली तरी पुरते.

खेरसनचे उदाहरण घ्या. हे शहर द्निप्रो नदीच्या उजव्या तीरावर आहे. २०२२च्या उन्हाळ्यात अमेरिकेकडून हायमार्स ही रॉकेट यंत्रणा आली. तिचा पल्ला सुमारे ८० किलोमीटर. युक्रेनने ती शहरावर डागली नाही; दारूगोळ्याची कोठारे आणि अंतोनिव्का पुलावर डागली. पूल चाळणीसारखा झाला. नदीपलीकडच्या रशियन सैन्याला नावांच्या आणि तराफ्यांच्या आधारावर राहावे लागले. ९ नोव्हेंबरला रशियाने माघार जाहीर केली आणि ११ नोव्हेंबरला युक्रेनी सैन्य शहरात आले. गल्लीबोळांतली लढाई झालीच नाही.

समुद्रावर याहून नवलाची गोष्ट घडली. काळ्या समुद्राचे दार म्हणजे बॉस्फरस आणि दार्दानेल्स या सामुद्रधुनी, आणि त्यांची किल्ली १९३६च्या माँट्रो करारानुसार तुर्कस्तानकडे आहे. युद्धकाळात लढणाऱ्या देशांच्या युद्धनौकांना तिथून येजा करण्यास मनाई करता येते आणि तुर्कस्तानने फेब्रुवारी २०२२च्या अखेरीस तसे जाहीर केले. त्यामुळे १४ एप्रिलला 'मॉस्क्वा' ही रशियाच्या काळ्या समुद्रातील आरमाराची मुख्य नौका बुडाली, तेव्हा तिच्या जागी बाहेरून दुसरी आणता आली नाही. खेळात नाके म्हणजे दोन डोंगरांमधली खिंड. जो आधी पोहोचेल त्याची. इथे नाक्यावर उभा होता तो ८६ वर्षांपूर्वीचा एक कागद आणि तो वाचून दाखवणारा तिसराच देश. ज्याच्याकडे धड आरमार उरले नव्हते, त्या युक्रेनने क्षेपणास्त्रे आणि स्फोटके भरलेल्या चालकरहित बोटी वापरून रशियाच्या नौका पश्चिम काळ्या समुद्रातून मागे ढकलल्या.

याच वाटेने जगाचे धान्य आणि तेल जाते. भारतात येणाऱ्या सूर्यफूल तेलाचा मोठा वाटा युद्धापूर्वी युक्रेनचा होता. २०२२च्या वसंतात पुण्या-नाशिकच्या किराणा दुकानात डब्याची किंमत ऐकून जे थबकले, ते ओदेसाच्या बंदराशी जोडलेले होते. २२ जुलै २०२२ रोजी इस्तंबूलमध्ये धान्यकरार झाला आणि वर्षभरात सुमारे ३ कोटी ३० लाख टन धान्य व खाद्यमाल बाहेर पडला. पुढच्या जुलैत रशिया करारातून निघून गेला, तेव्हा युक्रेनने रुमानिया-बल्गेरियाच्या किनाऱ्यालगत आपली वेगळी वाट काढली.

तंत्रवृक्ष

'सिव्हिलायझेशन'मध्ये आधी चाक, मग रथ, अशी ज्ञानाची एक वंशावळ आखलेली असते. एखाद्या शोधासाठी तुम्ही खर्च केला की तो शोध तुमचा. प्रतिस्पर्ध्याला तो हवा असेल तर त्याने आपल्या खिशातून वेगळी किंमत मोजायची. झाड सर्वांचे एकच आणि फांद्या आधीच ठरलेल्या.

युक्रेनमधले झाड असे नाही. युद्धाच्या आरंभी तुर्की बनावटीच्या बायरक्तार ड्रोनचा बोलबाला झाला. रशियाने हवाई संरक्षण सावरताच त्यांचा प्रभाव ओसरला. २०२२च्या सप्टेंबरात इराणी शाहेद ड्रोन युक्रेनवर येऊ लागले. पुढे त्यांचीच रशियन आवृत्ती तातारस्तानातील अलाबुगा इथे बनू लागली. मग आली काही शे डॉलरची छोटी ड्रोन, चालवणाऱ्याच्या डोळ्यांवर चष्मा आणि हातात खेळाच्या नियंत्रकासारखे यंत्र. लाखो डॉलरचा रणगाडा ती निकामी करू लागली. त्यांचा रेडिओ संदेश अडवणारी यंत्रे आली, तर रशियाने ड्रोनमागे प्रकाशतंतूची बारीक तार सोडली, म्हणजे अडवायला संदेशच हवेत नको. काही काळातच युक्रेनकडेही तीच तार होती.

इथे शोध कुणाच्या मालकीचा राहत नाही. रणांगणावर पडलेले प्रत्येक ड्रोन शत्रूसाठी उघडे पाठ्यपुस्तक असते. १ जून २०२५ रोजी युक्रेनने ट्रकांत लपवलेली ११७ ड्रोन रशियाच्या आत, थेट सायबेरियातील इर्कुत्स्क प्रांतापर्यंतच्या हवाई तळांवर सोडल्याचे जाहीर केले. त्या दिवशी जगातल्या प्रत्येक सेनेने आपल्या तळावर येणाऱ्या ट्रककडे नव्या नजरेने पाहिले असणार. झाडाला त्या दिवशी फुटलेली फांदी सर्वांच्याच अंगणात आली.

धुके

क्लाउझविट्झच्या मरणोत्तर, १८३२ साली निघालेल्या ग्रंथात युद्धातल्या बहुतांश गोष्टी अनिश्चिततेच्या धुक्यात असतात, असा विचार आहे. खेळात हे धुके काळ्या पडद्यासारखे दिसते. टेहळ्या पुढे गेला की पडदा सरकतो आणि खाली जे आहे ते खरे असते.

या युद्धात पडदा जवळजवळ नव्हताच. खाजगी उपग्रहांची छायाचित्रे वर्तमानपत्रांत छापली जात होती. 'डीपस्टेट'च्या नकाशावर रोजची आघाडी कुणीही पाहावी. आक्रमणापूर्वी सीमेवर जमलेले लाखावर सैन्य साऱ्या जगाने पाहिले होते आणि तरीही अनेक राजधान्यांमध्ये ते हल्ला करतील यावर विश्वास नव्हता. ठोकळे दिसत होते, हेतू दिसत नव्हता. २०२२च्या सप्टेंबरात साऱ्यांचे लक्ष खेरसनकडे असताना युक्रेनने खारकीव्ह प्रांतात मुसंडी मारली आणि थोड्या दिवसांत इझ्युम, कुपियान्स्क परत घेतले. ६ ऑगस्ट २०२४ रोजी, ड्रोनचे डोळे चोवीस तास उघडे असताना, युक्रेनी सैन्य रशियाच्याच कुर्स्क प्रांतात घुसले. नकाशा उजळला म्हणून धुके जात नाही. ते जमिनीवरून उठून माणसाच्या मनात जाऊन बसते.

उलट बाजूने खेळानेच नवे धुके पसरवले. युद्धाच्या पहिल्या दिवसांत एकट्याने शत्रूची विमाने पाडणाऱ्या 'कीव्हच्या भुता'ची चित्रफीत जगभर फिरली. ती 'डीसीएस' या विमानखेळातली होती. पुढे युक्रेनच्या हवाई दलानेच ते भूत म्हणजे लोकांनी रचलेली आख्यायिका असल्याचे स्पष्ट केले. 'आर्मा थ्री' या खेळातली दृश्ये खऱ्या लढाईची म्हणून इतकी पसरली की त्याच्या निर्मात्यांना २०२२ साली खोटी चित्रफीत कशी ओळखावी, याचे निवेदन काढावे लागले. रायस्विट्झच्या खेळाला युद्धासारखे दिसायचे होते. दोनशे वर्षांनी खेळ इतका युद्धासारखा झाला की दोन्ही वेगळे ओळखण्यासाठी पंच लागला.

गुण

आणि मग युद्धाने खेळाकडून उघड उसनवारी केली. युक्रेनच्या सरकारने ड्रोन पथकांसाठी गुणांची पद्धत सुरू केली. केलेल्या हल्ल्याची चित्रफीत पाठवायची, ती तपासली जाते, लक्ष्यानुसार गुण मिळतात आणि त्या गुणांवर 'ब्रेव्ह वन' नावाच्या सरकारी ऑनलाइन बाजारातून पथकाला नवी सामग्री घेता येते. रणगाड्याचे गुण सैनिकापेक्षा जास्त. पुढे पायदळाचा सैनिक मारल्याचे गुण ६वरून १२ करण्यात आले. जिवंत पकडून आणला, तर मारण्यापेक्षा कितीतरी अधिक.

या पद्धतीची बाजू समजून घ्यायला हवी. सामग्री तुटपुंजी असेल तर ती जो उत्तम वापरतो त्याला द्यावी, यात व्यवहार आहे. कुणाकडे किती ड्रोन द्यायचे हे मुख्यालयातल्या ओळखीपाळखीवर ठरण्यापेक्षा हे बरे. कैद्याला जास्त गुण ठेवल्याने काही जीव वाचलेही असतील. आक्रमण झेलणाऱ्या देशाला दूर बसून नीतिपाठ देणे सोपे असते, हेही मी विसरत नाही.

माणसांची मोजदाद नाण्यांत करणे आपल्यालाही नवीन नाही. पानिपतानंतरचा तो प्रसिद्ध निरोप आठवा: पडलेल्या सरदारांसाठी मोती, मोहरा आणि सामान्य शिपायांसाठी मोजता न येणारा खुर्दा. पण त्या हिशेबात रडू होते. निरोप आपल्याच माणसांचा होता आणि खुर्दा मोजता येत नाही, ही त्यातली वेदना होती. आजच्या हिशेबात खुर्दा नेमका मोजता येतो, आणि तो समोरच्याचा असतो. गुण ६चे १२ होतात, तेव्हा कुठल्याशा कचेरीत कुणीतरी एक आकडा खोडून दुसरा लिहितो. त्या दिवसापासून आकाशातला डोळा झाडीत दडलेल्या पोराकडे अधिक लक्ष देतो. खेळाची भाषा युद्ध समजावून सांगते तोवर ठीक; ती युद्ध चालवू लागली की वाचकाने सावध व्हावे, असे मला वाटते.

पट कधी मांडला?

इतिहासाच्या अभ्यासकाला खेळाची सर्वांत मोठी उणीव वेगळ्याच ठिकाणी दिसते. 'हार्ट्स ऑफ आयर्न फोर' या दुसऱ्या महायुद्धावरच्या खेळात आरंभीच तारीख निवडायची असते: १९३६ की १९३९? तारीख निवडली की त्यापूर्वीचे सारे गृहीत धरले जाते. प्रत्यक्षातले बरेचसे भांडण नेमके या तारखेवरून असते.

पुतिन यांनी जुलै २०२१मध्ये लिहिलेल्या लांबलचक लेखात पट मांडला तो मध्ययुगातील किएव्हन रुसपासून, रशियन आणि युक्रेनी एकच लोक आहेत हे दाखवण्यासाठी. युक्रेनी माणूस १९३२-३३च्या दुष्काळापासून सुरुवात करतो, ज्यात स्टालिनच्या सक्तीच्या धान्यवसुलीने लाखो माणसे उपाशी मेली. किंवा १ डिसेंबर १९९१पासून, जेव्हा ९० टक्क्यांहून अधिक मतदारांनी स्वातंत्र्याला कौल दिला आणि क्रिमियातही बहुमत त्याच बाजूचे होते. किंवा ५ डिसेंबर १९९४पासून, जेव्हा बुडापेस्ट इथे रशिया, अमेरिका आणि ब्रिटन यांनी सीमांचा आदर करण्याचे आश्वासन दिले आणि युक्रेनने जगातला तिसऱ्या क्रमांकाचा अण्वस्त्रसाठा सोडला. खेळात चाल चुकली तर जतन केलेल्या जागेवर परत जाता येते. १९९४च्या त्या दिवसावर कीव्हला परत जाता येत नाही. आणि तो दिवस अण्वस्त्रे असलेला किंवा नसलेला प्रत्येक देश आपल्या वहीत लिहून ठेवतो.

शिवाय खेळातला पट रिकामा असतो. जंगल, सोने, नदी असते. गाव असलेच तर तोडण्यापुरते. वॉर्साच्या एका कंपनीने २०१४ साली 'धिस वॉर ऑफ माइन' हा खेळ काढून हा पट उलटा केला. सारायेवोच्या वेढ्यावरून स्फुरलेल्या त्या खेळात तुम्ही सेनापती नसता; पडक्या घरात औषध आणि लाकूड शोधणारे नागरिक असता. सुमारे सव्वाचार लाख वस्तीच्या मारियुपोलचे काय झाले, हे समजायला सेनापतीच्या उंचीवरचा नकाशा उपयोगाचा नाही. तिथल्या नाट्यगृहाबाहेर जमिनीवर रशियन भाषेत मोठ्या अक्षरांत 'मुले' असे लिहिले होते, आकाशातून वाचता यावे म्हणून. १६ मार्च २०२२ रोजी त्या इमारतीवर बॉम्ब पडला.

बराक

शेवटचा शब्द सर्वांत साधा. 'एज ऑफ एम्पायर्स'मध्ये बराकीवर एक कळ दाबली की थोडे धान्य आणि सोने खर्च होऊन काही सेकंदांत नवा शिपाई बाहेर येतो. मेलेल्याची जागा भरते आणि खेळाडू त्याच्याकडे वळूनही पाहत नाही.

हे युद्ध आता झिजेचे झाले आहे आणि झिजेच्या युद्धात बराकीचा प्रश्न सर्वांत मोठा असतो. रशियाने बराक भरण्यासाठी तुरुंग उघडले. बाखमुतच्या लढाईत आपली सुमारे २० हजार माणसे मेली आणि त्यांतली निम्मी कैदी होती, असे वॅग्नर गटाचा प्रमुख प्रिगोझिन याने मे २०२३मध्ये स्वतःच सांगितले. नंतर गरीब प्रांतांतल्या तरुणांना भरतीसाठी मोठ्या रकमा देऊ केल्या गेल्या आणि उत्तर कोरियाचे सैनिकही कुर्स्कच्या लढाईत उतरले. युक्रेनपुढचा प्रश्न आणखी अवघड आहे. सोव्हिएत संघ कोसळल्यानंतरच्या हलाखीत तिथला जन्मदर घसरला. म्हणून आज विशीतल्या तरुणांची पिढीच तोकडी आहे. सक्तीच्या भरतीचे किमान वय युक्रेनने दीर्घकाळ २७ ठेवले होते. एप्रिल २०२४मध्ये ते २५वर आणले. अधिक खाली आणावे म्हणून मित्रराष्ट्रांकडून दबाव आला, तेव्हा सरकार कचरले. उरलेली मुले उद्याचे बापही आहेत. त्यात सुमारे ६० लाख लोक देशाबाहेर आश्रयाला आहेत, बहुतेक स्त्रिया आणि मुले.

म्हणून विद्यार्थ्यांना मी खेळाची भाषा वापरू नका असे सांगत नाही. झडप का फसली, खेरसन कसे सुटले, समुद्र कुणी अडवला, हे तिच्यामुळे पटकन कळते आणि कळलेले लक्षात राहते. फक्त बराकीजवळ आल्यावर थोडे थांबा, असे म्हणतो. तिथली कळ दाबल्यापासून शिपाई बाहेर येईपर्यंत पंचवीस वर्षे लागतात.